पंचावन्न अंशांचा माणूस

व्हिटवर्थ हे नाव मेकॅनिकलच्या प्रत्येकाने कधी ना कधी घोकलेलं असतं. थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला व्हिटवर्थ क्विक रिटर्न मेकॅनिझम हमखास येणार, म्हणून आदल्या रात्री आकृती पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि विसरून जायचं. मीही तेच केलं. हा व्हिटवर्थ कोण, कुठला, कधीचा, असा प्रश्न मला पडलाच नाही. जणू तो माणूस नसून मशीनचा एखादा पार्टच होता!

तो माणूस होता हे मला एका बोल्टमुळे कळलं. आमच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या शेपरचा बोल्ट तुटला होता. मी उत्साहाने स्टोअरमधून एम-१२ चा नवा बोल्ट आणला. दीड-दोन फेरे छान बसला आणि मग अडकला. मी पाना लावून जोर द्यायला लागलो, तेवढ्यात वर्कशॉपच्या मामांनी येऊन माझा हात धरला. मशीन जुनं आहे, त्याला मिलिमीटरचं काही चालत नाही, चार सूत विटवर्थ लागेल, एवढं सांगून ते आपल्या कपाटाकडे गेले.

आपल्याकडच्या फिटर मंडळींच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. एम-१२ त्याहून बारीक, म्हणून तो आत शिरला. पण त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिमी, आणि मशीनच्या भोकात इंचाला बारा आटे, म्हणजे सुमारे २.१२ मिमी. प्रत्येक फेऱ्याला हा फरक साठत गेला आणि बोल्ट रुतला. मी आणखी जोर लावला असता तर मशीनचे आटे गेले असते आणि माझी टर्मवर्कही!

त्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन हा विटवर्थ शोधला. जे सापडलं ते मित्रांनो, तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील चार्ल्स शाळामास्तर, पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफ दहा-अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि घर विस्कटलं. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधल्या मामाच्या सूतगिरणीत पाठवलं. मामाचा हेतू चांगला होता. भाच्याने धंदा शिकावा, पुढे भागीदार व्हावं. पण भाच्याचं लक्ष कापसाच्या भावात नव्हतं, यंत्रांत होतं. गिरणीतलं प्रत्येक यंत्र कसं चालतं हे त्याने समजून घेतलं, आणि समजून घेताना एक गोष्ट त्याला खटकली. ही यंत्रं फार ओबडधोबड बनवलेली आहेत! साधारण अठराव्या वर्षी त्याने ती ठरलेली भागीदारी सोडली आणि मँचेस्टरला जाऊन साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर फॅमिली बिझनेस सोडून शॉप फ्लोअरवर गेला.

१८२५ मध्ये त्याने लग्न केलं आणि लंडन गाठलं. लंडनला तेव्हा हेन्री मॉडस्लेचा कारखाना होता. मॉडस्ले म्हणजे स्क्रू-कटिंग लेथला नीट कामाचं रूप देणारा माणूस. इंग्लंडमधले पुढचे कितीतरी मोठे मशीन टूल बनवणारे त्याच्या हाताखालून गेले. व्हिटवर्थ तिथे शिकला, मग हॉल्ट्झॅपफेलकडे आणि नंतर जोसेफ क्लेमेंटकडे राहिला. क्लेमेंटकडे त्या काळात चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचं काम चालू होतं. कॉम्प्युटर ब्रँचच्या मित्रांनो, तुमचं खानदानही शेवटी लेथवरच येऊन पोचतं बघा!

या सगळ्या काळात व्हिटवर्थच्या डोक्यात एकच किडा होता. खरोखर सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा? ऐकायला प्रश्न साधा वाटतो. पण फर्स्ट इयरला फायलिंगचा जॉब केलेल्या कुणालाही विचारा. ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरलं की मधून फट दिसतेच. आपण ती फट ट्राय स्क्वेअरने तपासतो. पण तो स्क्वेअर सरळ आहे हे कशावरून? तो ज्यावर तपासला ती प्लेट सपाट आहे हे कशावरून? कुठून तरी पहिली सपाट गोष्ट यायला हवी, आणि ती तपासायला जगात काहीच नाही.

तेव्हा दोन प्लेट्समध्ये एमरी पावडर घालून त्या एकमेकींवर घासत. यात दोन घोटाळे होते. एक म्हणजे पावडर सगळीकडे सारखी पसरत नाही. दुसरा जास्त फसवा. घासता घासता एक प्लेट किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊ शकते. मग दोघी एकमेकींत अगदी फिट्ट बसतात आणि आपल्याला वाटतं, दोघी सपाट! दोन खोट्या गोष्टी एकमेकींना खरं ठरवत राहतात.

उपाय तीन प्लेट्सचा. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी, आणि तिसरी परत पहिलीशी. पहिली फुगीर असेल तर दुसरी आणि तिसरी दोघी खोलगट होतील, आणि त्या दोघी एकमेकींवर ठेवल्या की मधली पोकळी लगेच उघडी पडेल. तिघींचं आपसात जमायचं असेल तर तिघी सपाटच असाव्या लागतात, दुसरा मार्गच नाही. आणि घासायचं नाही, रंग लावून टेकवायचं. जिथे रंग उमटला तो उंचवटा हाताच्या स्क्रेपरने खरवडून काढायचा. परत रंग, परत टेकवणं, परत खरवडणं. ही पद्धत त्याने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये लाकडी झाकणाखाली जी सरफेस प्लेट असते, तिचं मूळ इथे आहे. कसलंही मोजमाप हाताशी नसताना, तीन चुकीच्या प्लेट्समधून आणि भरपूर चिकाटीतून एक बरोबर गोष्ट तयार होते, हे वाचून मी खरंच चाट पडलो.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला. एक जागा भाड्याने घेतली, तिथेच वाफेची पॉवर भाड्याने मिळत होती, आणि लंडनहून आलेला टूलमेकर अशी पाटी लावली. एवढंच भांडवल. पण वेळ बरोबर साधली होती. रेल्वे वाढत होती, गिरण्या वाढत होत्या, आणि सगळ्यांना यंत्रं बनवणारी यंत्रं हवी होती. व्हिटवर्थची लेथ, प्लेनर, ड्रिलिंग, स्लॉटिंग, शेपिंग मशिन्स वजनदार, दणकट आणि अचूक असत. पोकळ, पेटीसारखी बिडाची फ्रेम त्याने मशीन टूल्समध्ये रुळवली. परत येताना टूलने फुकट वेळ घालवू नये म्हणून क्विक रिटर्नची युक्तीही त्याच्या नावावर जमा झाली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत व्हिटवर्थचं मशीन म्हणजे दर्जा असं समीकरण झालं. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्याने २३ वस्तू मांडल्या आणि मशीन टूल्समध्ये त्याला तोड नव्हती.

आता बोल्टकडे येऊ. त्या काळात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणी इंचाला दहा पाडतोय, कुणी अकरा, कुणाचा कोन उभा तर कुणाचा पसरट. एका कारखान्याचं मशीन बिघडलं की त्याचा बोल्ट त्याच कारखान्याकडून आणायचा, आणि तो कारखाना बंद पडला असेल तर बसा हातावर हात ठेवून. कधी कधी तर एकाच मशीनचे दोन नट आपसात बदलता येत नसत.

व्हिटवर्थ स्वतः इंग्लंडमधला सर्वांत अचूक कारखानदार. माझेच आटे सर्वोत्तम आहेत, सगळ्यांनी तेच वापरा, असं तो सहज म्हणू शकला असता. त्याने तसं केलं नाही. त्याने देशभरातल्या बऱ्याच कारखान्यांमधून बोल्ट गोळा केले, त्यांचे कोन, खोली आणि पिच मोजले आणि सरासरी काढली. कोनाची सरासरी आली ५५ अंश. मग माथा आणि तळ गोलाकार, आणि व्यासाप्रमाणे इंचाला किती आटे त्याचा तक्ता: पाव इंचाला २०, तीन सुताला १६, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. हा प्रस्ताव १८४१ मध्ये त्याने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे ठेवला.

५५ या आकड्यात काही दैवी नाही. भूमितीत तो सोयीचाही नाही. पण सरासरी असल्यामुळे कुणालाच तो फार परका नव्हता आणि कुणालाच आपण हरलो असं वाटण्याचं कारण नव्हतं. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि बघता बघता तो जगातला पहिला देशव्यापी स्क्रू थ्रेड झाला. क्रिमियन युद्धाच्या वेळी (१८५३-५६) नौदलाला घाईने गनबोटींची इंजिनं हवी होती. पार्ट्स वेगवेगळ्या कारखान्यांत वाटून दिले, आणि आटे सगळीकडे सारखे असल्यामुळे ते एकत्र आल्यावर जुळले. सुमारे नव्वद दिवसांत नव्वद इंजिनं उभी राहिली, असं इतिहास सांगतो.

मापाच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ कुणाचं ऐकणारा नव्हता. आपले फिटर जसं केसभर जास्त, सूतभर कमी म्हणतात, तसंच तिकडचे कामगारही इंचाच्या अपूर्णांकाला थोडं जास्त, थोडं कमी लावून बोलत. व्हिटवर्थने इंचाच्या हजाराव्या भागात बोलायची सवय लावायचा आग्रह धरला. आणि इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र करून दाखवलं! त्याचं गणित आपल्याला तोंडी करता येईल. स्क्रूला इंचाला २० आटे. त्या स्क्रूवर २०० दातांचं वर्म व्हील. वर्म फिरवणाऱ्या चाकावर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५० म्हणजे बरोबर दहा लाख. म्हणजे चाक एक खूण फिरवलं की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतकं सरकणार. पण एवढं सरकलेलं डोळ्यांना दिसणार कसं? तर पाहायचंच नाही! मोजायचा तुकडा आणि यंत्राचं टोक यांच्यामध्ये एक पातळ पट्टी धरायची. पकड असेल तर ती तशीच लटकते. चाक एवढंसं मागे गेलं की आपल्या वजनाने खाली पडते. डोळ्यापेक्षा स्पर्श जास्त अचूक, हे त्याचं तत्त्व. हाताच्या नुसत्या उबेने लोखंड वाढतं तेही या यंत्रावर कळायचं.

इथपर्यंत गोष्ट सगळी यशाची आहे. पण मला व्हिटवर्थ जवळचा वाटला तो त्याच्या फसलेल्या प्रोजेक्टमुळे.

१८५४ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने त्याला एन्फिल्ड रायफलसाठी मशिनरी करायला सांगितलं. हीच ती एन्फिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा भडका उडाला. व्हिटवर्थने उलट विचारलं की मुळात या रायफलची नळी अशीच का? उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग त्याने मँचेस्टरमधल्या आपल्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची शूटिंग गॅलरी बांधून प्रयोग केले. निष्कर्ष असा, की एन्फिल्डची ०.५७७ इंचाची नळी फार रुंद आणि तिचा पीळ फार सैल. त्याने ०.४५१ इंचाची षटकोनी नळी केली, २० इंचांत एक पूर्ण पीळ दिला आणि गोळीही षटकोनी. १८५७ च्या चाचणीत तिने एन्फिल्डला अक्षरशः धुऊन काढलं. एन्फिल्ड १४०० यार्डांच्या पुढे गप्प झाली, ही २००० यार्डांवरही लागत होती. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन झालं, तेव्हा स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी खुद्द व्हिक्टोरिया राणीने ओढली, आणि ४०० यार्डांवरची गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली.

तरीही सैन्याने ती घेतली नाही. अरुंद नळीत काळ्या दारूची काजळी लवकर साचायची, चिखलापावसात साध्या शिपायाला ती भरणं जड जायचं, आणि किंमत एन्फिल्डच्या सुमारे चौपट. तोफांच्या बाबतीतही तेच झालं. विल्यम आर्मस्ट्राँग या प्रतिस्पर्ध्याशी तो वर्षानुवर्षं भांडत राहिला, चाचण्या झाल्या, समित्या बसल्या, पण मोठी सरकारी ऑर्डर काही हाती लागली नाही. त्याची रायफल अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी वापरली, आणि लांबून हेरून माणसं टिपणारं हत्यार म्हणून तिचं नाव झालं. सपाट प्लेट बनवणाऱ्या हातांनी हेही केलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मला वाटतं, बोल्ट आणि रायफल या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला हव्यात. बोल्टच्या वेळी त्याने सगळ्यांकडे काय आहे ते आधी गोळा केलं, आणि सगळ्यांना झेपेल ते दिलं. जग त्याच्या मागे आलं. रायफलच्या वेळी त्याने जे सर्वोत्तम तेच दिलं आणि ज्याने ते वापरायचं त्याच्या चिखलाचा हिशोब कमी धरला. सर्वोत्तम डिझाईन आणि सर्वमान्य डिझाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये रात्री दोन वाजता जे वाद होतात ना, त्यातले निम्मे यावरूनच होतात!

मान मात्र त्याला भरपूर मिळाला. १८५६ मध्ये तो इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचा अध्यक्ष झाला, १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, १८६९ मध्ये बॅरोनेट. सर जोसेफ. वितळलेल्या पोलादावर हायड्रॉलिक प्रेसने प्रचंड दाब देऊन आतली हवा काढायची पद्धत त्याने उतारवयात बसवली. पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते १८६८ चं. वर्षाला ३००० पौंड खर्चून, प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० स्कॉलरशिप्स त्याने सुरू केल्या. अट मजेदार होती. नुसतं गणित येऊन चालणार नाही, फायलिंग, टर्निंग, फोर्जिंगही हाताने करून दाखवायचं. आणि नुसता कारागीर असूनही चालणार नाही, थिअरीही हवी. गिरणीतून पळालेल्या त्या पोराला दोन्ही गोष्टी एकत्र कुणी शिकवल्या नव्हत्या. व्हिटवर्थ स्कॉलरशिप इंग्लंडमध्ये आजही दिली जाते.

त्याला मूलबाळ नव्हतं. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोला तो वारला. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये बाग, आर्ट गॅलरी आणि हॉस्पिटल यांना पैसा मिळाला. आणि नशिबाची गंमत पाहा, १८९७ मध्ये त्याची कंपनी विलीन झाली ती नेमकी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत! आयुष्यभर भांडलेली दोन नावं एका पाटीवर आली, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ.

त्याच्या ५५ अंशांचं काय झालं? अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्येच ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. कारण एवढंच की साध्या कारागिराला तो साध्या टूलने पाडता येतो. म्हणजे व्हिटवर्थचाच नियम व्हिटवर्थवर उलटला! दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी मशीनला अमेरिकन बोल्ट लागेना म्हणून फार हाल झाले, आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांनी मिळून ६० अंश मान्य केले. नंतर मेट्रिक आलं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली.

पण तो पुरता गेलेला नाही. हॉस्टेलच्या बाथरूममधला अर्ध्या इंची नळ काढून बघा. टेफलॉन टेपखाली इंचाला १४ आटे आहेत, आणि त्यांचा कोन मोजलात तर ५५ अंशच भरेल. पाइपांच्या दुनियेने व्हिटवर्थचाच आटा ठेवला आहे. एकदा सगळ्यांचं एकमत झालं की ते मोडणं किती अवघड असतं!

आणि त्या दिवशीचा बोल्ट? मामांनी कपाटातला एक जुना पत्र्याचा डबा उलटा केला, दोन-तीन बोल्ट चाचपले आणि एक माझ्या हातात दिला. ना व्हर्निअर, ना थ्रेड गेज. नुसत्या अंगठ्याने आटे ओळखले होते. मी तो भोकाला लावला. पाना लागलाच नाही. बोटांनीच शेवटपर्यंत गेला.